अवसेचा डायनामो

ऐका रे, जवळ सरकून बसा. दाराकडं बघू नका, तिकडं कोण न्हाई. अजून तरी न्हाई.

तर आपली गजराक्का. वडापची जीप चालवती ती, गावची माणसं तालुक्याला नेती-आणती. त्या दिशी दुपारीच तिच्या जीपचा डायनामो गेला. डायनामो म्हंजे गाडीची वीज बनवतो त्यो. त्यो गेला की बॅटरी हाय तवर गाडी पळणार, मग ठप्प. गजरानं तालुक्यातनं नवा आणला. पण अंतू मिस्त्री म्हणाला, "आज अवस हाय आक्का. अवसेला नवं लोखंड चढवत न्हाईत. उद्या बसवतो." आपल्यात समदीच तसं मानत्यात. गजरानंबी मानलं. नवा डायनामो पोत्यात गुंडाळला अन् शिटाखाली टाकला.

अन् रातच्याला तिच्या लेकीला, सुमनला, कळा सुटल्या. पहिलटकरीण पोर, बाळ आडवं आलेलं. सुईण म्हणाली, "दवाखाना गाठा, न्हाईतर दोघंबी जात्यात." गावात दुसरी गाडी हुती कुठं? काढली जीप.

भेंडखिंड चढली अन् दिवं पिवळं पडलं. मग लाल. मग न्हाईच. इंजिन खोकलं अन् बंद.

मिट्ट काळोख. मागं सुमन कण्हतीया. आक्कानं पाना घेतला, बॉनेट उघडलं, चाचपडत जुना डायनामो सोडायला लागली. अन् ऐका, मागनं हाक आली. "गजरा."

रानात रातच्या हाकेला ओ देत न्हाईत, तिनंबी दिली न्हाई.

दुसरी हाक जवळनं आली. तरी न्हाई. तिसरी पार कानाशी. वळून बघती तर अंतू मिस्त्री, हातात कंदील.

"आक्का, सांगितलं हुतं ना? आज लोखंडाला हात लावू नगंस. उजाडू दे."

"उजाडंस्तवर माझी लेक ऱ्हाईल व्हय? आलायस तर कंदील नीट धर."

धरला की त्यानं. जुना निघाला, नवा बसला. अन् मग एकेक सुरू झालं. आवळलेला बोल्ट आपसूक ढिला. डायनामो फिरवणारा पट्टा चढवला की घसरून खाली. परत चढवला, परत खाली. अन् मग सुमनचं कण्हणंच थांबलं.

"गेली बघ," मिस्त्री म्हणाला. "आता कशापायी खटपट करतीस?"

आक्का बॉनेटला टेकली. मान खाली घातली, तर कंदील धरलेलं हात दिसलं. स्वच्छ. नखंसुदीक पांढरी. आता तुम्हीच सांगा, मिस्त्रीचं हात असं कधी बघितल्यात का?

भ्याली ती. का न्हाई भिणार? पण भ्यापरीस राग जास्त आला. पाना पुढं केला. "मिस्त्री ना तू? धर, आवळ बोल्ट."

ते मागं सरलं. पाना जवळ नेला, आणखी मागं सरलं. लोखंड चालंना त्याला.

"असं हाय व्हय," गजरा म्हणाली. "अवस तुझी असंल. पोर माझी हाय." अन् जुना डायनामो उचलला, दिला त्याच्या अंगावर भिरकावून. कंदील विझला. काळोखात सुमन पुन्हा कण्हली.

आक्कानं बोटांनी चाचपून पट्टा चढवला, बोल्ट आवळला. ढकलून जीप उताराला लावली, उडी मारून आत बसली, गिअर टाकला. इंजिनानं धरलं. तवर मागचं दार बाहेरनं कुणीतरी ओढतंय, ओढतंय. सुमननं तसल्या कळांत फटीतनं आत आलेल्या बोटांवर लाथ घातली. आक्कानं दिवं लावलं, खिंडभर उजेड पडला अन् त्यानं दार सोडलं.

पहाटं दवाखान्यात सुमन सुटली, लेक झाली. मायलेकी दोघी खुशाल.

तर पोरांनो, रातच्याला भेंडखिंडीनं जायचं न्हाई. मी सांगतोय, ऐका. गजरा मातर ऐकत न्हाई. मुद्दाम अवसेलाच जीपचं काम काढती. अंतूला बोलावती, अन् पाना द्यायच्या आधी म्हणती, "हात दाव."