पटावर अठरा

जळकोटहून लातूरला निघालेल्या एसटीत पंढरीकाकांनी पुस्तक उघडलं, पण कान पुढच्या सीटवर गेले. तिथं जिल्हा परिषद शाळेच्या धम्मप्रिया मॅडम आणि त्यांच्याच गावच्या सरजाबाई बसल्या होत्या.

"मावशी, नातीला आमच्या शाळेत घाला ना. पटावर अठराच लेकरं हायत. वीस झाली न्हाईत तर शाळा बंद होईल."

"बया! दारोदार फिरून भागलं न्हाई, आता एसटीतबी?"

"इंग्रजी शाळेत काय शिकली ती?"

"लई शिकली! म्हशीला 'कम, कम' म्हणती. म्हैस हलत न्हाई."

"मग?"

"मग काय? तुमची लेक कुठं हाय, मॅडम?"

"लातूरला, मामाकडं. इंग्रजी शाळेत."

"हां! सोताच्या हातचं सोताच्या लेकीला वाढंनात, अन् आमच्या पोरीला आग्रह करायल्यात."

"तिचा दाखला काढायलाच चालले. हा बघा अर्ज."

"मला कुठं वाचता येतंय? ओ मागचे काका, कवापासून एकच पान धरलंय. हे वाचा की!"

काका कानापर्यंत लाल झाले. त्यांनी अडखळत अर्ज वाचला.

"खरंच हाय, बाई. लेकीला आपल्याच शाळेत घालायला दाखला मागितलाय मॅडमनी."

"मग लिवा नातीचं नाव, मॅडम. पण तुमच्या लेकीच्या खाली लिवा. आदी ती येऊ द्या."