नारळाचा स्कॅन

हा किस्सा मी दर वेळी थोडा वाढवतो का, अशी मलाच शंका येते. होसकोट्याच्या हॉस्पिटलात माझ्या शिफारशीवरून नवं सीटी स्कॅन मशीन आलं होतं. त्यातलं चित्र वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर पोचेल ना, याची मला धास्ती होती. चाचणीला पेशंट नव्हता, म्हणून मी मशीनच्या पूजेचा नारळच आत ठेवला.

टेक्निशियन सरोजाक्का ओरडल्या, "सर, तो फोडायचाय!"

"स्वल्प थांबा, अक्का."

पाच मिनिटांनी वरून डॉक्टरांचा फोन आला. "डोक्यात नुसतं पाणी दिसतंय. नातेवाईक कोण?"

"मीच!" मी आनंदाने ओरडलो.

काही वर्षांनी त्याच कॉम्प्युटरवर नोंद उघडून खात्री केली. पेशंट: नारळ. डॉक्टरांचा शेरा: पूजेत निधन, प्रसाद उत्तम.