लेन्सचं टोपडं

ताई: हाही बसणार नाही. आटेच जुळत नाहीत. जोर लावलास तर लेन्सचे आटे जातील, मग बस रडत.

धाकटी: हा तिसरा हूड, ताई. सगळा डबा उपसून झाला.

ताई: जुन्या लेन्सचं असंच असतं. दहा टोप्या घालून बघाव्यात, डोक्याला येईल ती एकच.

धाकटी: मग तो रबरी?

ताई: तो फार खोल. फोटोचे चारी कोपरे काळे येतील.

धाकटी: आणि सावलीला काहीच नाही लावलं, तर लेन्सच्या काचेवर ऊन पडून फोटो धुरकट येतात. परवा प्रदर्शन आहे गं माझं! बाबांचाच हूड कुठे गेला पण? पितळी, रंग उडालेला. टोपडं म्हणायचे बघ त्याला.

ताई: हरवला असेल.

धाकटी: तुझ्या दुकानातून? पडलेला स्क्रू लोहचुंबक घेऊन शोधतेस तू.

ताई: बाबांच्या आजारपणात कोण बघत बसलं होतं? तुला काय ठाऊक म्हणा. तू पाहुण्यासारखी यायचीस.

धाकटी: आलं का ते परत!

ताई: येणारच. पेपरात काय छापलंय? ‘वडिलांची लेन्स, लेकीची नजर’. लेक एकच होती वाटतं त्यांना.

धाकटी: मी सांगितलं होतं तुझ्याबद्दल. त्यांनी गाळलं.

ताई: गाळतातच. तीस वर्षं या टेबलाशी त्यांच्या शेजारी बसले. बुरशी लागलेल्या काचा पुसल्या, पोचे काढले, शेवटी त्यांचं औषधपाणीही मीच केलं. आणि लेन्स कुणाला? तर जिला आटे कुठल्या बाजूला फिरतात ते कळत नाही, तिला.

धाकटी: बाबाच म्हणाले, ताईला दुरुस्ती येते, हिला फोटो येतात.

ताई: हो ना. मी आपली दुरुस्त करत राहायची आणि कौतुक तुझं व्हायचं.

धाकटी: जळतेस तू माझ्यावर.

ताई: जळते. आजची नाही, पहिल्यापासून जळते. तो अल्बम काढ त्या फळीवरचा. उघड. हा तुझा, शाळेचा पहिला दिवस. केस न् केस मोजून घ्यावा. आता माझा बघ.

धाकटी: गोड दिसतेस की.

ताई: अर्धा फोटो पांढुरका आणि वर कोपऱ्यात हा काळा डाग. बोट! याच्यातही आहे. याच्यातही. आठ वर्षांची होईपर्यंत माझ्या एकाही फोटोत या माणसाला बोट बाजूला ठेवावंसं वाटलं नाही. मग तू झालीस. दीड वर्षाची होतेस न होतेस, तोच लेन्सला टोपडं आलं. आम्ही आपले बिनटोपड्याचे वाढलो.

धाकटी: एका बोटावरून इतकी वर्षं तोंड फुगवलंस?

ताई: फुगवीन. माझं तोंड आहे.

धाकटी: बरं बाई, हूड नाही तर नाही. तू तिथेच बस, मी एक काढून बघते. खिडकी तुझ्या मागे, म्हणजे ऊन सरळ काचेवर येतंय. हं... असा वरून हात धरला की जमतंय. इकडे बघ. ताई? अगं, काय झालं?

ताई: हात खाली घेऊ नकोस.

धाकटी: नाही घेत. पण झालं काय?

ताई: आई अशीच उभी राहायची. बाबांच्या शेजारी, एक हात वर करून. मला वाटायचं मला खूण करतेय, हलू नकोस म्हणून. मी मेली श्वाससुद्धा रोखून धरायचे.

धाकटी: मग ते बोट...

ताई: बाबांचं कसं असेल? त्यांचे दोन्ही हात कॅमेऱ्याला. जन्मभर लोकांच्या लेन्सना सावली बसवली मी, आणि आपल्याच आईचा हात ओळखू नये?

धाकटी: आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते.

ताई: हो.

धाकटी: म्हणजे टोपडं माझ्या लाडासाठी नव्हतंच आलं. हात धरायला कुणी उरलं नाही, म्हणून आलं.

ताई: अगं, मी कधी असा विचारच...

धाकटी: दे तो अल्बम. हा तान्हेपणीचा, घरातल्या सावलीतला, स्वच्छ. हा टोपडं आल्यानंतरचा, हाही स्वच्छ. ताई, माझ्या एकाही फोटोत डाग नाही गं. एवढे फोटो, आणि एक बोट नाही.

ताई: रडू नकोस.

धाकटी: रडत नाहीये. जळतेय.

ताई: (खालच्या खणाचं कुलूप काढत) हे घे. हरवलं नव्हतं. आटे साफ केले, पोचा काढला, आतून काळा रंग दिला. बाबा गेल्यापासून तीन वर्षं तुला द्यायला हात धजत नव्हता.

धाकटी: वाटलंच मला. तुझ्या खणाला कुलूप आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

ताई: मग डबा कशाला उपसायला लावलास?

धाकटी: म्हटलं, आपणहून देशील. आता मिळालं तर नकोसं वाटतंय.

ताई: नकोसं कशाला? घेऊन जा. प्रदर्शनाला लाव. पण आत्ता नको. कॅमेरा दे, स्टँडवर बसवते. माझ्या जागी बस तू. खिडकीकडे पाठ कर.

धाकटी: असंच? हूडशिवाय?

ताई: मी आहे ना.

धाकटी: बोट येईल हं कोपऱ्यात.

ताई: हलू नकोस.