अकराव्या महिन्याची वीस

— आणि हे विचारायला तुम्हाला पाठवलं कुणी, ते आधी सांगा. नाही, उठू नका, बसा. धिरडी मागवलीत तर खाऊनच जावं लागेल, तवा तापत ठेवलाय मी. पण प्रश्न विचारायची ही रीत नव्हे. दुकानात यायचं, मुळा घातलेली धिरडी मागायची, आणि तवा तापतोय तोवर सहज सुचल्यासारखं म्हणायचं — आज गाव एवढं सामसूम कसं, आज तर इथं घरोघरी श्राद्ध असतं ना? घरोघरी असतं हे कुणी सांगितलं तुम्हाला? कुणाकडे असेल, कुणाकडे नसेल. माणसं मरतात, तिथ्या येतात. आता एका गावातल्या बहुतेक घरांची तिथी एकाच दिवशी आली, तर — तर आली. योगायोग. पन्नास वर्षं आम्ही हेच सांगत आलोय. पोलिसांना सांगितलं, शाळेत नव्यानं आलेल्या मास्तरांना सांगितलं, जनगणनेवाल्याला सांगितलं. प्रत्येक जण गालात हसला आणि पुढच्या घरी गेला. तुम्ही हसला नाहीत. तिथंच मला शंका आली.

तो पेपर द्या बरं इकडे. राजधानीचा दिसतोय, विमानात दिला असेल. हं, हे बघा, दिनविशेष — वीस नोव्हेंबर. वाचते. एकोणीसशे पंचेचाळीस, जर्मनीत न्युरेंबर्ग इथं महायुद्धातल्या गुन्हेगारांवर खटला सुरू. सत्तेचाळीस, इंग्लंडच्या राजकन्येचा विवाह. अठ्ठ्याण्णव, अवकाश स्थानकाचा पहिला भाग आकाशात. झालं, संपला जगाचा वीस नोव्हेंबर. राजकन्येच्या लग्नाला जागा असते बघा यांच्याकडे, कधी कधी फोटोसकट. आणि तो खटला — तो वाचला की मला दर वर्षी वाटतं, नि:शस्त्र माणसं मारणाऱ्याला कठड्यात उभं करायचं असतं, हे जगाला तेव्हा कळून चुकलं होतं की. आणि त्यानंतर तीन वर्षांनी आमच्याकडे ट्रक आले. — हो, वाचते दर वर्षी. मग? वीस डिसेंबरचंही वाचते, कारण त्या साली आमची तिथी वीस डिसेंबरला पडली होती. त्या दिवशी अमेरिकेनं फ्रान्सकडून लुइझियाना म्हणून कुठलासा मुलूख ताब्यात घेतला, ते न चुकता असतं. आमचं गाव नसतं. इकडच्या तारखेत नाही, तिकडच्या नाही. मी काय म्हणते, मुलूख घेतल्याची आठवण ठेवता, मग पटांगणात ओळीनं उभं केलेली माणसं काय जास्त जागा अडवणार होती?

बोलले ते बोलले. पण ट्रक म्हटलं मी, कुणाचे ते नाही म्हटलं. हे ध्यानात ठेवा.

गाठोडं खाली ठेवा की, आल्यापासून मांडीवर धरून बसलाय. खाली नाही? बरं, मग बाजूच्या खुर्चीवर. काय आहे एवढं जपण्यासारखं — टेपरेकॉर्डर? ठेवा चालू, मला काय. यंदा राजधानीत कायदा झालाय म्हणे, त्या वर्षी या जेजू बेटावर काय झालं ते शोधून काढणार आहेत. आता माणसं येतात, गोड बोलतात, आजी, न भिता खरं ते सांगा. अहो, ज्यांनी आम्हाला गप्प बसायला शिकवलं तेही असंच गोड बोलायचे. माझ्या मामेभावाला मास्तराची नोकरी नाही मिळाली, का, तर त्याच्या काकाचं नाव पोलिसांच्या कुठल्यातरी कागदावर. ती नोकरी देणार आहेत का आता परत? तो आहे सत्तर वर्षांचा. जाऊन शिकवील.

मला विचाराल तर माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी कुणाहीसमोर सांगेन. माझा बाप त्याच दिवशी गेला. ह्यॉन चांगबॉम. अकराव्या महिन्याची वीस. आमचा गावप्रमुख कांग, त्यानं खटपट करून दगड मिळवलाय, पटांगणात उभा करणार आहेत, त्यावर त्या दिवशी गेलेल्यांचीच नावं. फक्त त्याच दिवशी गेलेल्यांची, त्याबाबतीत कांग कडक आहे. आधी माझ्या आजोबांचं नाव, त्याखाली बापाचं. कोरून झालंय. पाथरवटाच्या अंगणात जाऊन मी त्यावरून बोट फिरवून आले. आणि कबरही आहे, बागेच्या टोकाला, दगडी गडग्याला लागून. आई गेली तेव्हा तिला तिथंच त्याच्या शेजारी ठेवलं. दर वर्षी गवत मी काढते. तिनं त्याचा कोट इतका खोल पुरलाय की —

कोट, हो. कोट म्हटलं मी. मग काय पुरणार? त्या लोकांनी प्रेतं जाळून टाकली होती सगळी, कुणाचा कोण ओळखू येत नव्हता. कपड्यांच्या कबरी पुष्कळ आहेत या बेटावर, त्यात चोरीचं काही नाही. ज्याचं शरीर मिळत नाही त्याचा सदरा, त्याचा चमचा. हे घ्या, गरम आहे. मुळा आतून गळतो, जपून.

काय म्हणालात? — पाहिलं कुणी? त्याला पटांगणात कुणी पाहिलं का? मी पाहिलं. सहा वर्षांची होते, आईचा हात धरून उभी होते, सगळं पाहिलं. त्यांनी घरवार हजेरी घेतली. आमच्या घराचं नाव पुकारलं आणि आजोबा पुढे झाले. आजोबांना विचारलं, मुलगा कुठाय. आजोबा म्हणाले, मासे धरायला गेलाय. तेव्हा नियमच होता त्यांचा, घरातला तरणा माणूस हजर नसला की तो फरार, आणि फरार असला की त्याच्या बदली घरातलं दुसरं कुणी —

तुम्ही फार हुशार आहात. नुसते गप्प बसता आणि माणसाकडून वदवून घेता.

बरं मग, मिळालं हवं ते? मासे धरायला गेला होता आणि परत येताना वाटेत सापडला, असं लिहा. आईनं तेच सांगितलं सगळ्यांना, जन्मभर. आणि जन्मभर पान वाढलं त्याचं, आजोबांच्या पानाशेजारी, त्याच दिवशी. शेजारची चुनह्वा सामचून आहे ना — एका हातानं कोबी चिरते ती, दुसरा गेला त्या दिवशी — तिचा नवरा आणि दीर दोघं त्या ओळीत होते. आईनं तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा की नाही? बरोबर राहायचं की नाही या गल्लीत? चुनह्वा सामचूनचा नवरा पळाला नाही म्हणून मेला. आता तिला जाऊन कुणी सांगितलं की अगं, ह्यॉनचा मुलगा आदल्या रात्रीच होडीत बसला, त्याच्या पायी त्याचा बाप गेला, आणि तो मात्र तिकडे — तिकडे कुठेही — सुखानं भाकरी खात राहिला, तर ती काय म्हणेल? म्हणेल, पुसा ते नाव. माझ्या माणसाखाली ते नाव नको. आणि म्हणेल, तुझी आई मला पन्नास वर्षं फसवत होती. आई आता उत्तर द्यायलाही नाही. म्हणून सांगते, हे जर तुम्ही कुठे छापलंत —

पण तुम्ही लिहून घेत नाही आहात. तुमच्याकडे पेनच नाही. मग तुम्ही पेपरवाले नाही. सरकारीही नाही, सरकारी माणूस फुकट खातो, तुम्ही आल्या आल्या पैसे काढून ठेवलेत. मग बागेसाठी आलात का? आधीच सांगते, संत्र्याची बाग माझ्या नावावर आहे. आईनं समुद्रात बुड्या मारून, शिंपले काढून विकून घेतलीय ती, एकेक झाड. तिच्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

असे बघू नका. मी काय ओळखलं नाही वाटतं? दारात पाय टाकताना मला 'सामचून' म्हणालात. मुख्य भूमीवर सामचून म्हणजे काका, तिकडचा माणूस बाईला कधी तसं म्हणत नाही; वडीलधाऱ्या बाईलाही सामचून म्हणायचं, ते इथलंच. बरं, इथले म्हणावं तर बोली कसली तुमची — चाळिशीचा माणूस आणि बोलता माझ्या आजीसारखं. चुलीला जो शब्द तुम्ही वापरलात तो या बेटावर आता कुणाच्या तोंडात नाही, टीव्हीनं खाऊन टाकला. असा शब्द कुठे टिकतो? जिथं माणूस तो घेऊन गेला आणि ज्याच्याशी बोलायला घरच्यांपलीकडे कुणी नव्हतं, तिथं टिकतो. ओसाकात टिकतो.

आणि तारीख. आज तुम्ही आलात, वीस नोव्हेंबरला. म्हणे, आज घरोघरी श्राद्ध. अहो, आमची अकराव्या महिन्याची वीस म्हणजे चंद्राची वीस. तिला अजून महिनाभर अवकाश आहे. पेपरवाला असता तर विचारून आला असता. सरकारी असता तर त्याच्याकडे छापील असतं. अशी चूक करील कोण? ज्याला लहानपणी कुणीतरी नुसतं म्हणून ठेवलंय, अकराव्या महिन्याची वीस, अकराव्या महिन्याची वीस — दारू पिऊन म्हणत असेल, नाहीतर भिंतीकडे तोंड करून — आणि ज्या देशात तो वाढला तिथं चंद्रावर कुणी महिने मोजत नाही. कुठली वीस, हे विचारायचं धाडस तुम्हाला झालं नाही, आणि सांगायचं त्याला सुचलं नाही. त्याला कशाला सुचेल, त्याच्या लेखी महिना एकच.

एकदा पार्सल आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का ओसाकाचा. आत रबरी बूट, मुलीचे, लाल. मी तेव्हा अकरा वर्षांची घोडी, आणि बूट सहा वर्षांच्या पोरीचे. माझी टाचसुद्धा शिरेना. मी रडले, बूट बसत नाहीत म्हणून. आई का रडली ते मला फार उशिरा कळलं. तिनं ते चुलीत घातले, वास गल्लीभर, आणि चुनह्वा सामचूनला सांगितलं, होडीचा टायर जळतोय. होडीला टायर असतो होय? असतो, धक्क्याला लावायचा. खपून गेलं.

मग लग्नही केलं असेल त्यानं. केलंच असणार, नाहीतर तुम्ही कुठून. माझी आई इथं त्याचं पान वाढतेय आणि हा तिकडे जेवायला बस—

थांबा. काय केलंत ते? आत्ता. धिरडं उचललंत आणि तोंडात घालायच्या आधी त्या गाठोड्यासमोर ठेवलंत. जेवायच्या काड्या पण त्याच्याकडे वळवून ठेवल्यात.

टेपरेकॉर्डरला कुणी जेवू घालत नाही.

नको, गाठ सोडू नका. इथं नको. पांढरा कपडा दिसतोय खालून, तेवढं पुरे. एवढासा झाला होय तो? आईच्या फोटोत खांद्यानं दार अडवतो. — कधी गे— नाही. नाही, सांगू नका. तारीख सांगू नका मला. एकदा कानावर पडली की ती राहते, मग मला दोन दिवस होतील, आणि खोट्या दिवशी मी पान वाढू कशी? तिकडे तुझ्या आईला तिची तारीख ठेवू दे, मी नाही म्हणत नाही. आमच्याकडे तो त्याच दिवशी गेलाय. आणि खोटं काय आहे त्यात? बाप बदली उभा राहिला हे कळल्यावर कुणी जगतं का? तो भिंतीकडे तोंड करून तीच वीस पुटपुटत होता असं मी आत्ता अंदाजानं म्हटलं, तेव्हा तू मान खाली घातलीस. बघितलं मी.

ऐक. नीट ऐक, मी परत सांगणार नाही. तुमच्या तारखेनं पंधरा डिसेंबर. त्या दिवशी दुपारी ये. सगळ्या बायका चुलीपुढे असतात, पुरुष मासे साफ करतात, रस्त्यावर कुत्रं नसतं. दुकानात येऊ नकोस, सरळ बागेच्या टोकाला जा. कुदळ गडग्याला टेकवलेली असेल. कोट वर काढायचा नाही, कोटाच्या बाजूला जागा आहे. आईच्या बाजूची. आणि नंतर घरी जेवायचं, मुलगा असताना मुलीनं किती वर्षं पान वाढायचं —

गप्प. कांग येतोय समोरून. ते धिरडं खा, ठेवलेलं खा आधी, दोन घासांत. डोळे पूस.

या कांग, बसा, पाहुणे निघालेच आहेत. — नाही हो पाहुणे, कितीदा सांगायचं, आज आमच्याकडे कुणाचं श्राद्ध नाही. आणि एकाच दिवशी असली तर असतात, योगायोग असतो. तुमचा पेपर राहतोय, तो न्या. आणि दार ओढून घ्या जाताना, वारा येतो.