पोळा फुटेपर्यंत

सरपंचसाहेब, गुरुजी, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

आत्तापर्यंत पुरुष बोलले. मी बालवाडीत लेकरांना गाणी शिकवते, सभेत कधी उभी राहिले नाही. आज उभी राहिले. तुम्हाला वाटेल, दुःखानं. दुःख आहेच. पण जास्ती राग आहे, आणि तो मी आज गिळणार नाही.

सुभद्राबाई माझी मोठी जाऊ. बाहत्तरच्या दुष्काळात मी या घरची सून झाले, तेव्हापासून तिला बाईच म्हणत आले. आष्टीकडच्या शेतकऱ्याची लेक. वावरातच चालायला शिकली. आमची बैलजोडी तिनंच वाढवली. गाय आटली, तर ज्वारीच्या कण्या शिजवून वासरांना हातानं भरवल्या. पोळ्याच्या आदल्या सांजेला त्यांचे खांदे शेकायची, हळद-लोणी लावायची आणि कानाशी लागून म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले येजो."

यंदाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सारं गाव कोऱ्या कपड्यांत, आणि बाई बांधावर बैलांसाठी हिरवं गवत कापत होती. तिथं साप चावला. तशीच चालत आली. गवताचा भारा वाटेत टाकला नाही. अंगणात आणून ठेवला आणि मग बसली.

सरपंचसाहेब, तुम्ही आत्ता म्हणालात, माउलीनं मरतानाही धर्म पाळला. मी तिथंच होते. तिला दवाखान्यात न्यायला मोठ्या भाऊजींनी बैलबंडी जुपायला जू उचललं, तर तिनं त्यांचा हात धरला. म्हणाली, "आज नोका जुपू. वर्साचा एकच दिस हाये त्याईचा."

भाऊजींनी जू खाली ठेवलं.

भाऊजी, तुम्ही समोर बसला आहात म्हणूनच विचारते. पोरीला आष्टीच्या शाळेत घाला म्हणाली, ते ऐकलं? विहिरीच्या पायऱ्या ढिल्या झाल्या, कोणीतरी पडेल म्हणाली, ते ऐकलं? आईला भेटायला दोन दिवस जाऊ द्या म्हणाली, तर वेचणी संपू दे म्हणालात. जन्मभर तिचं काही ऐकलं नाही. हे मात्र लगेच ऐकलं!

मी पोळ्याच्या तोरणाकडे पळाले. डोक्यावर पदर होता का नव्हता, आठवत नाही. जोड्या जमत होत्या. एकेकापुढे हात जोडले, बंडी द्या, बाईला पान लागलं, साप चावला. कोणी शिंगाचे गोंडे नीट करू लागलं, कोणी खाली पाहू लागलं. एकानं मला समजावलं, "वहिनी, पोळा फुटू दे. मंग जुपू." तो माणूस इथं बसला आहे. नाव घेत नाही. त्याचं एकट्याचं घेतलं, तर बाकीचे सुटतील.

तोरण तुटून पोळा फुटायला सांज झाली. मग बंडी नाहीच, तुम्ही तिला खाटेवर घालून उचललं. चार खांदे मिळाले. ते खांदे दुपारी कुठं होते हो? बैलाच्या खांद्याला सण होता, माणसाच्या खांद्याला कोणता सण होता?

तळेगावच्या रस्त्याला एस.टी. धरायची होती. रस्ता लागायच्या आधीच बाई गेली.

आता तेरवीला पुरण शिजलं, आज हार आला. तिला साध्वी म्हणून झालं, लक्ष्मी म्हणून झालं. तिनं नको म्हटलं, हे तुमच्या पथ्यावर पडलं. अहो, ती नकोच म्हणणार! ज्यांना लेकरांसारखं भरवलं, त्यांच्या मानेवर सणाला जू द्या असं ती सांगेल का? ते तिच्यावर सोडायचंच नव्हतं. आणि बैलांचं म्हणाल, तर तिच्या हातच्या कण्या खाल्लेला बैल नाही म्हणाला असता का?

गुरुजी आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगतील. उभे राहा. मी नाही राहणार. तोरणाखाली तुमची स्तब्धता पाहिली मी, पोट भरलं.

बाई, पुढच्या पोळ्याला बैलांचे खांदे मी शेकीन. हळद-लोणी लावीन, तुझ्यासारखंच. तोरणाशेजारी बंडी उभी ठेवीन, जू वर टाकून. आणि त्यांच्या कानाशी लागून सांगीन, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले येजो. आन् कोनाचा जीव अडला, तं जुपाले बी येजो."