आराम करा म्हटलं की

ड्रायव्हर तपासणीच्या खोलीबाहेर नंबर यायची वाट बघत होता. रिकामी उजवी बाही त्याने नीट दुमडून पिन केली होती. नुकताच आतून आलेला म्हातारा शिंपी शेजारी बायकोजवळ बसला. त्याचा उजवा हात मनगटापाशी संपत होता.

"अहो, काय म्हणाली ती तपासणारी मुलगी?"

"स्नायूंत बसवलेले सेन्सर ठीक आहेत. मूठ आवळायचं मनात आणलं, की मशीनला कळतं."

"मग तोंड का उतरलंय?"

"आराम करा म्हटलं की घोळ होतो. मी स्वस्थ बसतो, आणि पडद्यावर दिसतं, हात काहीतरी करतोय. तीनदा झालं."

"दोऱ्याला गाठ मारत असाल."

"तुला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं बघतेय. रिकामे बसलात की अंगठा बोटावर चोळायचात. मग मशीनमधून काढून टाकलं का तिने ते?"

"नाही ना. म्हणाली, काका, मुठीपेक्षा हेच स्पष्ट उमटतंय. नव्या कृत्रिम हाताला आधी हेच शिकवू."

"आणि सुईत दोरा?"

"तो तूच ओवायचा. डोळ्यांचं मशीन कुठे आलंय अजून?"

ती हसली आणि ड्रायव्हरकडे वळली.

"तुम्ही काय करायचात, दादा?"

"ट्रक चालवायचो."

"मग आत गेल्या गेल्या सांगून टाका, रिकामा असला की तुमचा हात काय करतो."

"सिग्नलला थांबलो, की स्टेअरिंगवर बोटं वाजवायचो."

"अजून वाजवता?"

ड्रायव्हरने पिन केलेल्या बाहीकडे पाहिलं.

"इथे बसल्यापासून वाजवतोय."