मेंढरं निघण्याआधीची परीक्षा

सन्माननीय अध्यक्ष शाळा तपासनीस साहेब, शाळा कमिटीचे चेअरमन दादासो पाटील, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले हेडमास्तर नाथाजी गुरुजी, गावातली वडीलधारी मंडळी, आयाबाया आणि मघापासून हाताची घडी घालून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी या शाळेतला दुय्यम शिक्षक. वरिष्ठांपुढे बोलायची सवय नाही, म्हणून साहेबांचे आभार आधीच मानून घेतो. कडेगावाहून बैलगाडीनं इथवर येणं सोपं नाही. पुढं बोलण्यात काही उणंअधिक झालं, तर हे आभार तरी पदरी असावेत.

गुरुजींची बदली शिरवळला झाली. का झाली? बोर्डाच्या हुकमाला कारण विचारायची रीत नाही, मीही विचारत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर या पटांगणात काय घडलं, तेवढंच सांगतो.

स्वराज्य आल्यापासून जो तो म्हणतो, शाळा सुधारा. सुधारा म्हणजे काय करा? कौलं बदला? भिंतींना चुना द्या? गुरुजी इथं रुजू झाले तेव्हा त्यांनी कौलांकडे पाहिलंच नाही. पहिलीत एवढी थोराड मुलं कशी, हे विचारलं. ती आपल्या धनगरवस्तीतली मुलं. दिवाळी सरली की ती मेंढरांमागं कृष्णाकाठी जायची, इकडे पटावरनं नाव कमी व्हायचं. पावसाच्या तोंडाला परतली की पुन्हा पहिली. वार्षिक परीक्षा उन्हाळ्यात, आणि तेव्हा ही लेकरं सांगलीकडे कुणाच्यातरी रानात. सिद्धू धनगराची लेक अंजना अशी तीन वर्षं पहिलीतच बसली. पोरगी मठ्ठ होती का? मुळीच नाही. शाळेच्या वेळापत्रकात तिला जागाच नव्हती.

गुरुजींनी या मुलांचा वर्ग दिवस उगवताच भरवायला सुरुवात केली, मेंढरं चरायला सुटण्याआधी. मग साहेबांना विनंती केली, की यांची परीक्षाही मेंढरं निघण्याआधी घ्या. नियमात बसत नसताना साहेब हो म्हणाले. हे मी मुद्दाम मोठ्यानं सांगतो.

परीक्षेच्या दिवशी साहेबांच्या गाडीचा आख मोडला. इकडे सिद्धूचा कळप सकाळपासून निघायच्या तयारीनं पटांगणात उभा. कोकरं ओरडत होती, घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं. सिद्धू गुरुजींना म्हणाला, पुढचा मुक्काम चुकला तर रान दुसऱ्याला जाईल. गुरुजींनी हात जोडून त्याला थांबवून धरलं. साहेब आले ते उन्हं डोक्यावर आल्यावर. पाच मुलं आत बसली, आणि तेवढ्यात मेंढरं फुटून शेजारच्या शाळूच्या उभ्या पिकात शिरली.

शाळू दादासोंचा. दादासो, तुम्ही हसता आहात, पण त्या दिवशी तुम्ही हसत नव्हता. तुमच्याबरोबर चार गडी होते, चौघांच्या हातात काठ्या. सिद्धूनंही काठी उचलली. कुणाचं तरी डोकं फुटणार, असंच मला दारातून वाटलं.

गुरुजी दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “पाटील, आत परीक्षा चाललीय. पोरं भ्याली तर वरीस जाईल त्यांचं. तुमच्या पिकाकडं मी बघतो.”

आणि अंगातला कोट, डोईचा रुमाल, सगळ्यानिशी ते शाळूत उतरले. हात पसरून मेंढरं हाकू लागले. हेडमास्तर मेंढरांमागं पळताहेत, हे बघून गड्यांच्या काठ्या आपोआप खाली आल्या. मग तेही वळवायला लागले.

आत अंजनाची पाळी होती. बाहेरच्या आरडाओरड्यानं तिचा आवाजच बंद झाला. पुस्तक हातात, नजर खिडकीकडे. साहेबांनी दोनदा वाच म्हटलं. मी काही सांगणं नियमाला धरून नव्हतं. आता साहेब तिच्या हातातलं पुस्तक काढून घेणार, एवढ्यात खिडकीत सिद्धू दिसला. घामानं निथळत होता.

“वाच की गं,” तो म्हणाला. “मेंढरं थांबल्याती.”

अंजनानं वाचलं. अडखळली, पुन्हा मागं गेली, पण धडा पुरा केला. सिद्धूला अक्षर येत नाही. तरी शेवटची ओळ संपेपर्यंत तो खिडकीतून हलला नाही.

पाचांतली तिघं पास झाली, अंजना त्यांतली. दोघं नापास झाली, तेही योग्यच झालं. पण पुढं बोर्डाचा हुकूम आला, की अशी अवेळी परीक्षा पुन्हा घेऊ नये. त्यामागोमाग गुरुजींच्या बदलीचा.

साहेब, आपण खाली बघता आहात. मला आपला अपमान करायचा नाही. त्या दिवशी आपण होतात म्हणूनच ती पोरं वरच्या वर्गात गेली. पण यंदा वस्तीवरची अकरा मुलं तयार आहेत, आणि सिद्धू उद्या निघणार होता. ‘होता’ म्हणतो, कारण काल दादासोंनी त्याला घरी बोलावून सांगितलं, की शनिवारपर्यंत मेंढरं माझ्या नांगरटीत बसव. खत मला, परीक्षा तुला.

तेव्हा शनिवारी परीक्षा होईल. पेपर मी काढीन. वर चढवायचा अधिकार मात्र माझा नाही, आपला आहे. हुकूम मोडा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? फक्त त्या दिवशी आपण इथं असावं, एवढी या भरल्या सभेत विनंती करतो.

गुरुजी, शिरवळकरांचं भाग्य मोठं. इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. पण साहेब, शनिवारचं तेवढं पोटात घालू नका.